साठ नवरे

६ जानेवारी २०२५, सोमवार

दिल्लीचं पत्र आलं. पहिल्या वाक्यात म्हणतात, आमच्या प्रकल्पाची प्रगती समाधानकारक आहे. दुसऱ्या वाक्यात म्हणतात, ती पुरेशी नाही. साठ पुरुष घ्यायचे ठरले होते, आम्ही वर्षभरात एकवीस घेतले. एकतीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत साठ भरले तर पुढच्या दोन वर्षांचा निधी, नाही तर राम राम.

तीस वर्षं मी या विभागात बायकांच्या ॲनिमियावर काम केलं. दर वेळी दिल्लीने विचारलं, "मॅडम, यात नवीन काय?" बायकांच्या अंगात रक्त नाही ही जुनीच गोष्ट होती. मग मी "आहार, चयापचय आणि पुरुषांचं प्रजननस्वास्थ्य" असा अर्ज टाकला आणि तो तीन महिन्यांत पास. पुरुषांच्यात काही कमी आहे म्हटल्यावर सगळ्या कमिटीला ते नवीन वाटलं. असो. पैसा आला, मला निवृत्तीपर्यंत काम मिळालं, आणि निवृत्त झालेल्या ठाकोरभाईंना कंत्राटावर परत लॅबमध्ये आणता आलं.

अट साधी आहे. वय पंचवीस ते चाळीस, लग्न झालेलं, वर्षभर प्रयत्न करूनही मूल नाही. आधी तपासण्या आणि सात दिवस खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद. मग सहा महिने रोज एक पुडी. निम्म्या पुड्यांत पोषक द्रव्यं, निम्म्यांत नुसतं पीठ. कोणाला काय मिळालं ते मलाही माहीत नसतं. त्या सहा महिन्यांत दुसरा इलाज करायचा नाही. नावांची वही ठाकोरभाईंच्या कपाटात कुलूपबंद, मला फक्त नंबर दिसतात. नियम मीच लिहिलाय. बडोद्यातला पुरुष एक वेळ नमुना देईल, पण एका बाईला नाव सांगणार नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

गुजरातीत जाहिरात लिहिली. सयाजीगंजात स्टेशनपासून आमच्या फाटकापर्यंत सगळीकडे लावायला सांगितली. नास्ता मिळेल, हेही लिहिलं. उपाशीपोटी रक्त घ्यायचं म्हणजे नास्ता द्यावाच लागतो, तर त्याची फुशारकी का मारू नये?

१२ जानेवारी, रविवार

मुलगा-सून, सलील आणि मनाली, छाणीहून आले होते. मनालीला अळिवाच्या लाडवांचा डबा दिला. लग्नाला सात वर्षं झाली पोरीच्या. मी काही बोलत नाही, पण आहारशास्त्राची प्राध्यापक आहे, हात बांधून बसू का? अळीव, डिंक, खसखस, साजूक तूप. "रोज दोन खायचे, चुकवायचे नाहीत," म्हटलं. "हो आई," म्हणाली. नेहमीच म्हणते. सलील मोबाईलमध्ये बघत होता.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेआठला ठाकोरभाई दारात. "बेन, बहार लाइन लागी छे."

मला भरून आलं. बाहेर जाऊन पाहिलं तर सव्वीस माणसं. आठ-दहा जण साठीच्या पुढचे. दोघांच्या हातात फिरक्या, उद्याच्या उत्तरायणाच्या पतंगांसाठी दोऱ्याला मांजा लावून आले होते. एका गृहस्थांना विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? म्हणाले, लग्न नाही केलं. मग इथे कशाला आलात? "बेन, अमे तद्दन नवरा छीए."

मी जाहिरात वाचली. "नवरा पुरुषो जोईए छे."

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामटेकडा. हे मला माहीत नाही असं नाही. मी साताऱ्याची, लग्न होऊन बडोद्यात आले त्याला सदतीस वर्षं झाली. इथे आलेल्या प्रत्येक नव्या मराठी सुनेला हा विनोद मी स्वतः सांगितलाय: बाई गं, इथे चारचौघांत "माझा नवरा" म्हणू नकोस, लोक म्हणतील अगदीच खरं बोलतेस. मनालीलाही सांगितला होता. आणि लिहायला बसले तर हात साताऱ्याला गेला.

"तुम्ही लावलीत तेव्हा वाचली नाहीत?" ठाकोरभाईंना विचारलं.

"वांची ने. मने थयुं के बेनने नवरा ज जोईता हशे."

सव्वीस जणांना नास्ता दिला. लिहिलं होतं तर द्यायलाच हवा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "मी येऊ का? मी दोन्ही अर्थांनी बसतो." रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांचे विनोद वाढलेत.

१९ जानेवारी, रविवार

जेवताना जाहिरातीचा किस्सा सांगितला. मनाली इतकी हसली की ठसका लागला. किती महिन्यांनी हसताना पाहिलं तिला. मग म्हणाली, "द्या आई, मी लिहून देते." शाळेत शिकवते, गुजराती तिचं फर्मास आहे. नुसतं "परणेला पुरुषो", म्हणजे लग्न झालेले, एवढं लिहून थांबली नाही. वर ओळ घातली की बाळाची वाट बघणाऱ्या घरांत तपासणी दोघांचीही व्हायला हवी. मला ती ओळ जरा जास्तीच वाटली, पण राहू दिली.

मग विचारलं, "नावं खरंच गुप्त राहतात? तुम्हालाही कळत नाहीत?"

"ब्रह्मदेव आला तरी कळणार नाहीत," मी म्हटलं.

सलीलने पापड मोडला. पोराचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आले. सलील-मनाली जेवायला होते. मसालेभात केला, जिलेबी ह्यांनी आणली. सलील उतरलेला वाटतो, चांगलं पोटभर खायला घातलं. नको नको म्हणत होता. आमच्याकडे नको म्हणजे अजून थोडं.

३ फेब्रुवारी, सोमवार

मनालीच्या जाहिरातीने कमाल केली. चव्वेचाळीस झाले! रोज चार-पाच फोन. ठाकोरभाईंना मी दिवसातून पाच वेळा विचारते, किती झाले. ते बोटांनी दाखवतात, तोंड उघडत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आहारनोंदी वाचायला घेतल्या. सहभागी मोबाईलवर टाइप करतात, माझ्याकडे छापील कागद येतो, वर नंबर. बहुतेकांच्या नोंदी खोट्या असतात. कोणीही सात दिवस नुसतं वरण, भात आणि काकडी खात नाही.

ब-४३ मात्र खरं लिहितो. याला शंभर मार्क द्यायला हवेत. "सकाळी चहा, दोन लाडू. दुपारी डबा. संध्याकाळी निजामपुऱ्याला सेव-उसळ, बायकोला सांगितलं नाही." रविवारची नोंद अशी: "आईकडे. मसालेभात तीन वेळा, जिलेब्या सात. दोन घेतल्या होत्या, पाच वाढल्या गेल्या."

आमच्याकडेही त्या दिवशी हाच बेत होता. म्हणजे मराठी घर दिसतंय. पण याच्या आईला मला एकदा लॅबमध्ये बोलावून घ्यायचंय. पोराचे रिपोर्ट बघा: साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, रक्तातली चरबी दुपटीच्या घरात, कमरेचा घेर विचारू नका. शुक्राणू मिलीलीटरला चाळीस लाख. निदान एक कोटी साठ लाख हवेत. आणि बाई जिलेब्या वाढतेय! काही आया मुलांना प्रेमाने मारतात. शिकलेली नसणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

मनालीला वैद्यांकडे नेलं. त्यांनी नवा काढा दिला, कडू आहे. तिने तोंड वाकडं न करता घेतला. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "आई, माझे सगळे रिपोर्ट दोन वर्षांपूर्वी नॉर्मल आले होते." मी म्हटलं, रिपोर्टवर जाऊ नये. असं मी म्हटलं. मी, जी आयुष्यभर रिपोर्टवरच गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आता लिहिताना वाटतंय. पण आई काळजीने बोलते, तिला शास्त्र लावायचं नसतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चोपन्न.

ब-४३च्या लाडवाचं गणित बसत नाही. रोज दोन म्हणजे महिन्याला साठ. कशाचे, ते लिहिलेलं नाही. ठाकोरभाईंना फोन करून विचारायला सांगितलं. उत्तर आलं: "माहीत नाही. आई बायकोसाठी पाठवते. बायकोला आवडत नाहीत आणि टाकायला जीव होत नाही, म्हणून मी खातो."

धन्य ती माउली. पाठवते एकीला, पोसते दुसऱ्याला.

एक लाडू मागवून घ्या म्हटलं, चरबी मोजू. ठाकोरभाई म्हणाले, रहेवा दो ने बेन, एक लाडवामां शुं? मी म्हटलं, घरगुती पदार्थ रोजच्या आहारात असेल तर तो मोजायचा, नियम आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हातारे झाले बिचारे, कामाचा कंटाळा येतो.

१७ मार्च, सोमवार

साठ! साठ! दुपारी सव्वाबाराला ब-६० ने सही केली. पेढे आणले. ठाकोरभाईंनी अर्धाच खाल्ला. मी दिल्लीला ईमेल लिहून ठेवली, कागद जोडून एकतीसच्या आत पाठवते. घरी येताना रिक्षात चक्क गाणं गुणगुणले.

१९ मार्च, बुधवार

टेबलावर प्लास्टिकची पिशवी. वर चिठ्ठी, ब-४३. आत लाडू.

मी लाडू वळताना अंगठ्याने शेवटी एकदा दाबते. माझ्या आईची सवय. त्यावर खळगा पडतो, त्यात बेदाणा बसतो. या लाडवाला खळगा होता. त्यात बेदाणा होता. आणि अळिवाचा लालसर रंग होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. बसला.

लाडू कुटून चरबी काढायला लावली. शंभर ग्रॅमला बत्तीस ग्रॅम.

काखेत कळसा म्हणतात तो हा. शिकलेली नसणार, असं मीच लिहिलंय वर. खोडत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. मी सात वर्षं सुनेला काढे पाजले. वैद्य, बायकांच्या दोन डॉक्टर, एक जप. एकदाही मुलाला म्हटलं नाही की बाबा, तू तपासून घे. माझं शास्त्र घराबाहेर चप्पल काढून येत होतं. त्याने स्वतः तपासून घेतलं तर तेही माझ्यापासून लपून, माझ्याच लॅबमध्ये, कारण तिथे नाव कळत नाही असं मी जेवताना छाती ठोकून सांगितलं होतं.

आज ठाकोरभाई काचपट्ट्या धूत होते. मी म्हटलं, "समजा एखादा नंबर संशोधकाच्या नात्यातला निघाला, तर?"

"नियम प्रमाणे काढी नाखवो पडे."

"आणि नाव नोंदवून घेणाऱ्याला ते माहीत होतं, तर?"

त्यांनी नळ बंद केला. "लेनारने बेन दिवसमां पांच वार पूछे छे, केटला थया, केटला थया. लेनार पण माणस छे." मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "अने ए छोकरो रड्यो हतो, बेन."

मी धुतलेल्या काचपट्ट्या पुसायला घेतल्या.

"कयो छोकरो, ए में नथी कह्युं," ठाकोरभाई म्हणाले आणि नळ सोडला.

२५ मार्च, मंगळवार

नीट विचार केला. तो प्रकल्पात राहिला तर सहा महिने दुसरा इलाज नाही. त्यातले दोन गेले. पुडीत औषध असेल किंवा पीठ. काढला तर उद्यापासून चांगल्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. वय छत्तीस आहे, वजन उतरवलं तर सुधारणा होते, माझ्याच विषयाची पुस्तकं सांगतात.

काढला तर एकोणसाठ.

हे ह्यांनाही सांगता येत नाही. हे विचारतात, साठ झाले तरी तोंड का असं? म्हटलं, दाढ दुखते.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी ह्यांनी उभारली. श्रीखंड-पुरी केली. सलील-मनाली आले. सगळे पानावर बसले, मी वाढत होते. सलीलला एकदा श्रीखंड वाढलं आणि भांडं घेऊन पुढे गेले. दुसऱ्यांदा त्याच्या पानापाशी गेलेच नाही.

त्याने मान वर केली. "आई, आग्रह नाही आज?"

"नाही," मी म्हटलं. "पुरे तेवढं."

हे पुरी तोडायचे थांबले. आमच्या घरात असं कोणी कधी ऐकलेलं नाही. सलीलने माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणीही व्हायच्या. मनाली एकटक माझ्याकडे बघत होती.

मग ती पुऱ्या तळायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. मी म्हटलं, "आजपासून तुझा काढा बंद. वैद्य बंद. सगळं बंद."

"का, आई?"

"सांगता येणार नाही. गुप्ततेचा नियम आहे."

"मलाही सांगता येत नव्हतं," ती म्हणाली.

"त्याने शपथ घातली होती?"

"नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मला वाईट वाटेल म्हणून ही पोर सात वर्षं काढे प्यायली. मी म्हटलं, "चुकलं माझं, मनाली. फार चुकलं." ती ओट्याला टेकून रडायला लागली. मीही रडले, कारण मला भयंकर लाज वाटत होती. बाहेरून हे ओरडले की पुरी जळल्याचा वास येतोय. येतच होता.

३१ मार्च, सोमवार

ईदची सुट्टी. युनिव्हर्सिटी बंद, दिल्लीचं पोर्टल चालू. ठाकोरभाई किल्ल्या घेऊन आले, मी बोलावलं नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो: सहभागींपैकी कोणीही संशोधकाचा नातेवाईक नाही, असे मी प्रतिज्ञापूर्वक सांगते. त्यावर खूण केल्याशिवाय आकडा भरता येत नाही. दिल्लीला फोन लावला. सुट्टी असूनही एका सज्जनांनी उचलला. म्हटलं, एक जण काढावा लागतोय, कारण सांगता येत नाही. ते म्हणाले, "मॅडम, उद्या काढा ना. आज तर साठच आहेत. एक तारखेला कोण विचारतंय?"

खोटं कशाला लिहू, मोह झाला. एका दिवसाने सलीलचं काही बिघडलं नसतं. मी चाळीस मिनिटं त्या चौकोनाकडे बघत बसले. दोन वर्षांचं काम, ठाकोरभाईंचा पगार, त्या एकोणसाठ जणांच्या उरलेल्या पुड्या, सगळं त्या एका खुणेवर होतं. पण तीस वर्षांत मी आकडा कधी खोटा भरला नाही, त्यामुळे सवय नव्हती. आणि घरात एका मुलीच्या नावावर जे खोटं मांडलं गेलं, तेवढं एका जन्माला पुरे.

ब-४३ काढला. कारण: इतर. आकडा भरला, ५९. पडद्यावर आलं, "निकष अपूर्ण. आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद."

"ओगणसाठ पण घणा, बेन," ठाकोरभाई म्हणाले. त्यांचा स्वतःचा पगार गेलाय हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, आता मी नवरो, आणि हसले. मला हसू आलं नाही. उरलेल्या पुड्यांसाठी विभागप्रमुखांच्या हातापाया पडायचं ठरवलंय. उद्या दहाला जाते.

एक काम राहिलं होतं. प्रकल्पातून काढलेल्या सहभागीला प्रमुख संशोधकाने पत्र द्यावं लागतं. साचा ठरलेला आहे, रिकाम्या जागा भरायच्या. मी भरल्या.

"मा. सहभागी क्र. ब-४३ यांस, स. न. आपल्याला अभ्यासातून मुक्त करण्यात येत आहे. आपले तपासणी-अहवाल सोबत जोडले आहेत. आढळलेला दोष आहार, व्यायाम व उपचारांनी सुधारू शकतो. आपण तज्ज्ञ डॉक्टरांना या आठवड्यात भेटावे व शक्यतो पत्नीसह जावे. यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. हे अहवाल कुटुंबीयांना दाखवणे आपल्यावर बंधनकारक नाही."

साचा इथे संपतो. खाली जागा होती, म्हणून पेनाने लिहिलं:

"आईला तर मुळीच नाही. पण सांगितलेत, तर ती ऐकून घेईल."

सही केली, हुद्दा घातला. पाकीट ठाकोरभाईंना दिलं. ते पत्ता लिहीत होते तोवर मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.